सिग्नलवर मागे ट्रक असेल तेव्हा: नागपुरात नव्यानं सायकल चालवणाऱ्यांसाठी

नागपुरात पहिल्यांदा सायकल घेऊन मोठ्या रस्त्याला लागणाऱ्याला भीती वाटते ती धावत्या ट्रकची. भीती रास्त आहे. पण सरळ रस्त्यावर ट्रक शेजारून निघून जातो, दोन-तीन सेकंदांत मामला संपतो. चौकात तसं होत नाही. चौकात तो तुमच्या मागे येऊन उभा राहतो, तुमच्यासोबत सुटतो, तुमच्या बाजूनं वळतो, आणि एवढ्या वेळात तुम्ही त्याला दिसलाच असाल याची खात्री नसते. म्हणून इथे फक्त सिग्नलबद्दल लिहितोय. कॉलेजसाठी शहरात आलेली मुलंमुली, हिंगणा एमआयडीसीत शिफ्टला सायकलनं जाणारे कामगार, तब्येतीसाठी पहाटे फुटाळा किंवा सेमिनरी हिल्सकडे निघणारे काका-काकू, सगळ्यांना उपयोगी पडेल असं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. थांबायचं की निघायचं, हे सिग्नलच्या आधी ठरवायचं असतं. पिवळा दिवा लागल्यावर विचार सुरू केलात, तर तुमच्या मनात काय आहे हे मागच्या ड्रायव्हरला कळायला वेळच उरत नाही.

आधी ओळखा, मागे कोण आहे

सगळ्या मोठ्या गाड्या सारख्या वागत नाहीत. आपली बस रोज त्याच रस्त्यानं जाते. ड्रायव्हरला चौक पाठ असतो, पण सिग्नल सुटला की पुढचा थांबा गाठायला ती डावीकडे दाबते. गिट्टी, रेती, माती नेणारा टिप्पर खेपांवर चालतो, म्हणून घाईत असतो. कळमना मार्केटला किंवा वाडीच्या ट्रान्सपोर्टकडे जाणारा बाहेरगावचा ट्रक वेगळाच. ४४ आणि ५३ हे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना मिळतात, त्यामुळे देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला ड्रायव्हर इथे भेटतो. त्याला आपला चौक नवा असतो. पाटी उशिरा दिसते आणि तो शेवटच्या क्षणी वळतो.

शहरात जड वाहनांना ठरावीक वेळांतच प्रवेश असतो. याचा उलटा परिणाम पहाटे सायकल चालवणाऱ्यांवर होतो. रस्ता मोकळा दिसतो, पण त्याच वेळी रात्रभर चाललेले टिप्पर आणि ट्रेलर शेवटची खेप उरकत असतात, आणि बरेच सिग्नल तेव्हा नुसते पिवळे लुकलुकत असतात.

आता वजनाचं बघा. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मालगाड्यांची वजनमर्यादा वाढवली. सहा चाकी ट्रक मालासकट १८.५ टनांपर्यंत, दहा चाकी २८.५ टनांपर्यंत, आणि सगळ्यात मोठे ट्रेलर ५५ टनांपर्यंत असू शकतात. तुम्ही आणि सायकल मिळून फार तर ९० किलो. ताशी ४० किलोमीटर वेगानं येणारा ट्रक एका सेकंदात ११ मीटर कापतो. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जायला सेकंदभर लागतो, एअर ब्रेकमध्ये हवा चाकांपर्यंत पोचून पकड घ्यायला आणखी थोडा वेळ, आणि मग कुठे गाडी दबायला लागते. भरलेली गाडी पूर्ण थांबायला पंचवीस-तीस मीटर सहज लागतात. सायकल १५ च्या वेगात असेल तर सात-आठ मीटरमध्ये थांबते. म्हणजे तुम्ही मनात आणलं तर त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर थांबू शकता, आणि नेमका धोका यातच आहे.

ड्रायव्हरला वरून काय दिसतं, हे एकदा बघायला मिळालं तर जरूर बघा. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या आवारात ओळखीच्या ड्रायव्हरकाकांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि क्लीनरला माझी सायकल घेऊन खाली उभं केलं. काचेच्या खालच्या पट्टीवर झगमग झालर लावलेली, मधोमध देवाचा फोटो, डाव्या आरशावर वाळलेल्या चिखलाचे शिंतोडे. क्लीनर डाव्या पुढच्या चाकाशेजारी येऊन उभा राहिला तेव्हा खिडकीतून काहीच दिसेना. आरशाच्या अगदी कडेला सायकलच्या हँडलचं टोक तेवढं दिसलं. मग तो बंपरच्या पुढे हातभर अंतरावर आला. उभा असताना डोक्यावरचे केस दिसत होते. हँडलवर वाकला आणि तेही गेले. तो पाच-सहा मीटर पुढे चालत गेला तेव्हा कुठे सायकलसकट पूर्ण दिसला. काका म्हणाले, "पुढं दिसलास तर थांबतो ना बाबू. बाजूनं शिरलास तर मले कसं कळन?"

तीन जागा लक्षात ठेवा: क्लीनरच्या बाजूची संपूर्ण डावी कड, बंपरच्या पुढचे दोन-तीन मीटर, आणि गाडीच्या पाठीमागचा भाग. या तीन ठिकाणी तुम्ही ड्रायव्हरसाठी नसताच.

घरून निघताना

यात फार वेळ घालवायचा नाही, पण टाळायचंही नाही. दोन्ही ब्रेक दाबून बघा. मागे लाल दिवा हवा, आणि तो दिवसाही चालू ठेवलात तर चांगलंच. हँडलच्या उजव्या टोकाला लहान आरसा लावा. या एका वस्तूनं सिग्नलवरचं निम्मं काम सोपं होतं. कानात इअरफोन नको. ट्रक आधी ऐकू येतो, मग दिसतो. फक्त इलेक्ट्रिक बस याला अपवाद आहे. ती मागे येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नाही, म्हणून मान वळवून बघण्याची सवय हवीच. पँटची मोहरी आणि ओढणी साखळीत जाणार नाही अशी बांधा. हेल्मेट घाला.

चौक दिसायला लागला की

साधारण शंभर मीटरवरून दिवा दिसतो. तेव्हापासून तीन गोष्टी करायच्या आहेत.

पहिली, दिवा हिरवा असेल तर तो कधीपासून हिरवा आहे ते बघा. टायमर असेल तर सोपंच. टायमर नसेल, आणि तुम्हाला दिसल्यापासून तो हिरवाच असेल, तर तो आता जाणार असं समजून चला.

दुसरी, आरशात बघा आणि मग उजव्या खांद्यावरून मान वळवून बघा. आरशात अंतराचा अंदाज चुकतो. मान वळवण्याचा आणखी एक फायदा असा की मागच्या ड्रायव्हरला तुमचा चेहरा दिसतो. हा माणूस काहीतरी करणार आहे, एवढं त्याला त्यातून कळतं.

तिसरी, रस्त्याची डावी कड कशी आहे ते बघा. हे खास आपल्या शहराचं. नागपुरात ठिकठिकाणी सिमेंटचे रस्ते झालेत, आणि सिमेंटची कड जिथे संपते तिथे बाजूच्या गट्टूंची (पेव्हर ब्लॉकची) पातळी खाली असते. कुठे बोटभर, कुठे चांगली वीतभर. मागून ट्रक आला म्हणून घाबरून डावीकडे दाबलं, पुढचं चाक त्या कडेवरून तिरकं उतरलं, की सायकल उजवीकडे पडते, म्हणजे नेमकी ट्रकच्या बाजूला. म्हणून कडेला घासून चालू नका. कडेपासून हाताच्या लांबीइतकं अंतर ठेवा. खाली उतरायचंच असेल तर वेग अगदी कमी करून, जमेल तितकं काटकोनात उतरा, किंवा सरळ पायउतार व्हा.

मागे मोठी गाडी आहे आणि चौक अजून पन्नास-साठ मीटर लांब आहे, अशा वेळी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तिला तिथेच पुढे जाऊ देणं. पायडल मारणं थांबवा, सरळ रेषेत राहा, डाव्या बाजूला जागा असेल तर हळूहळू तिकडे सरका, आणि उजव्या हातानं पुढे जाण्याची खूण करा. ट्रक निघून गेला की सिग्नलवर तुमच्या मागे तो नसतोच. पाच-सात सेकंद गेले तर जाऊ देत.

पिवळा लागला

सगळ्यात अवघड जागा हीच. मागे टिप्पर आहे, दिवा पिवळा झाला, तुम्ही ब्रेक मारायचा विचार करताय आणि टिप्परवाला मनात म्हणतोय, निघून जाऊ. दोघांचे निर्णय उलटे पडले की अपघात.

आधी हिशेब समजून घ्या. पिवळा दिवा साधारण तीन ते पाच सेकंद असतो. ताशी १५ किलोमीटर वेगानं सायकल सेकंदाला चार मीटरच्या थोडी वर जाते, म्हणजे पिवळ्यात तुम्ही १२ ते २० मीटर जाल. मोठा चौक स्टॉप लाइनपासून पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ३० ते ४० मीटरचा सहज असतो. तो ओलांडायला तुम्हाला आठ-दहा सेकंद लागतात. मोटारवाला पिवळ्यात शिरून पिवळ्यातच बाहेर पडतो. तुम्ही पिवळ्यात शिरलात तर दुसऱ्या बाजूचा हिरवा लागेल तेव्हा चौकाच्या मधोमध असाल.

त्यावरून टायमरचा नियम निघतो: स्टॉप लाइनपाशी पोचेपर्यंत हिरव्याचे दहा सेकंद शिल्लक राहणार नसतील, तर मोठ्या चौकात शिरायचं नाही. आधीपासूनच थांबायला सुरुवात करायची. लहान चौकाला पाच पुरतात.

टायमर नसेल तर प्रत्येक सिग्नलच्या अलीकडे एक खूण मनात धरा. विजेचा खांब, झाड, दुकानाची पाटी, काहीही. लाइनच्या आठ-दहा मीटर अलीकडे, म्हणजे दोन मोटारी मागेपुढे उभ्या राहतील एवढ्या अंतरावर. पिवळा खुणेच्या आधी लागला तर थांबायचं. खूण ओलांडल्यावर लागला तर थांबायचं नाही, सरळ रेषेत, वेग न सोडता निघून जायचं. मधला मार्ग नाही. अर्धवट ब्रेक मारून पुन्हा पायडल मारणारा सायकलवाला मागच्या ड्रायव्हरला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो.

आता मागे ट्रक चिकटलेला आहे आणि पिवळा खुणेच्या आधी लागला. थांबायचंच आहे, पण त्याच्या वाटेत थांबायचं नाही. क्रम असा: पायडल सोडा, उजवा हात बाजूला काढून तळवा खाली करून वरखाली हलवा, म्हणजे मी हळू होतोय, हात परत हँडलवर आणा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत डावीकडे सरका. ट्रक थांबला तर ठीक. नाही थांबला, पिवळ्यात दामटून निघून गेला, तरी तुम्ही सोडलेल्या जागेतून जाईल. हात दाखवायला वेळ नसेल तर हात सोडू नका. दोन्ही हात ब्रेकवर हवेत, खूण नंतर.

डावीकडे सरकायला जागाच नाही, गट्टूंची खोल कड आहे किंवा ऑटो उभा आहे, अशा ठिकाणी मागे ट्रक घेऊन चौकाकडे यायचंच नाही. वर सांगितलं तसं, पन्नास मीटर आधीच त्याला पुढे काढायचं. नवीन माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण रस्ता देणं म्हणजे दबून जाणं असं वाटतं. सायकलवाल्याचा रस्त्यावर हक्क आहे, पूर्ण आहे, आणि तो मी कधीच सोडा म्हणणार नाही. पण २८ टनांच्या पुढे उभं राहून तो सिद्ध करायची जागा चौक नाही.

आणि हॉर्न. दिवा लाल झालेला आहे, तुम्ही लाइनवर आहात, आणि मागचा हॉर्नवर हॉर्न वाजवतोय कारण त्याला रिकामा चौक दिसतोय. हलू नका. हॉर्नच्या दबावाखाली चौकात शिरलेला सायकलवाला उजवीकडून येणाऱ्या गाडीपुढे सापडतो, आणि हॉर्न वाजवणारा मागे सुखरूप असतो. फारच अंगावर येत असेल तर सायकलवरून उतरून डावीकडे फुटपाथवर व्हा. सिग्नल तोडायचा असेल तर तो तोडेल, तुम्ही कशाला?

लाल दिव्यावर कुठे उभं राहायचं

ट्रक किंवा बस आधीच लाइनवर उभी आहे आणि तिच्या डावीकडे सायकल जाईल एवढी फट आहे. त्या फटीत शिरू नका. नागपुरात सगळे शिरतात, दुचाक्या शिरतात, पोट्टे शिरतात. तुम्ही शिरू नका. त्या फटीत तुम्ही ड्रायव्हरला दिसत नाही. बस असेल तर लाल दिव्यावर कंडक्टर दार उघडतो आणि माणसं नेमकी तुमच्या अंगावर उतरतात. आणि दिवा हिरवा झाला की ती फट बुजते. गाडीच्या मागेच थांबा, दोन सायकली मावतील एवढं अंतर ठेवून, आणि थोडं उजवीकडे, जिथून तिच्या उजव्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. तुम्हाला त्याचा चेहरा दिसत असेल तर त्यालाही तुम्ही दिसू शकता. अगदी पाठीला चिकटून उभे राहू नका. चढावर भरलेला ट्रक सुटताना हातभर मागे येतो.

आता उलटं: तुम्ही आधी पोचलात आणि ट्रक नंतर मागे आला. अशा वेळी मान वळवा आणि ड्रायव्हरकडे बघा. हात वर करा. त्यानं मान हलवली किंवा नुसतं बघितलं तरी काम झालं. तो इतका जवळ आलाय की तुम्हाला वर बघूनही त्याचा चेहरा दिसत नाही, तर तुम्ही त्याच्या आंधळ्या पट्ट्यात आहात. चार-पाच मीटर पुढे सरकायला जागा असेल तर सरका. पुढे झेब्रावर माणसं चालत असतील तर त्यांच्यात सायकल घुसवू नका. उतरा, आणि सायकल हातात धरून डाव्या कोपऱ्यात उभे राहा. पायी सायकल ढकलणाऱ्याला कोणी हसत नाही, आणि हसलं तरी काय बिघडतं.

पुढेही ट्रक, मागेही ट्रक, मध्ये तुम्ही, अशी वेळ कामठी रोडवर किंवा रिंग रोडवरच्या मानेवाडा, म्हाळगीनगर, दिघोरीच्या बाजूला हमखास येते. त्या जागेत एक सेकंदही उभं राहू नका. लगेच उतरा आणि बाजूला व्हा. मागच्याचा पाय ब्रेकवरून सुटला तर तुम्हाला जायला जागाच नाही.

लेफ्ट फ्री असलेल्या, म्हणजे डावीकडे वळायला लाल दिव्यावर थांबावं लागत नाही अशा चौकात सरळ जाणारा सायकलवाला बहुतेक वेळा डाव्या कडेला थांबतो, म्हणजे नेमका वळणाऱ्या गाड्यांच्या वाटेत. मागचे हॉर्न वाजवतात आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघतात. सरळ जायचं असेल तर डावीकडे वळणाऱ्यांची वाट सोडून तिच्या उजव्या कडेला थांबा.

मेट्रोच्या खांबांचंही ध्यानात घ्या. वर्धा रोड, कामठी रोड, सेंट्रल अव्हेन्यू, हिंगणा रोड, सगळीकडे डिव्हायडरमध्ये जाड खांब आहेत. यू-टर्न घेणारी बस खांबाआडून निघते. तुम्हाला ती दिसत नाही आणि तिला तुम्ही.

हिरवा

थांबतानाच हलक्या गिअरवर या. गिअर नसलेली सायकल असेल तर उजवं पायडल वर, किंचित पुढे आणून ठेवा म्हणजे पहिला दाब पूर्ण बसतो. सायकल पहिल्या तीन-चार मीटरमध्ये डगमगते आणि नेमकं तेव्हाच मागचा ट्रक सुटत असतो.

टायमर ५ वर आला की दोन्हीकडचा खेळ सुरू होतो. ज्यांचा हिरवा संपत आलाय ते वेग वाढवतात, आणि ज्यांचा लाल संपत आलाय ते शेवटचे तीन सेकंद शिल्लक असतानाच सरकायला लागतात. तुम्ही सरकू नका. त्या वेळात मागे एकदा बघा आणि कान द्या. ब्रेकवरचा पाय सुटताना एअर ब्रेकच्या गाडीतून हवा सुटल्याचा जोरात 'फुस्स' आवाज येतो. म्हणजे ती आता हलणार.

हिरवा झाला की आधी उजवीकडे बघा, कारण आडव्या रस्त्यानं सिग्नल तोडून येणारी गाडी आधी उजवीकडून येते. मग डावीकडे. मग निघा. निघालात की मधे थांबू नका, वळवळू नका. सरळ रेषेत चौक पार करा आणि पलीकडे गेल्यावरच डावी कड धरा. मागचा ट्रक फारच अंगावर वाटत असेल तर हिरवा लागल्यावर निघूच नका. कडेला उभं राहून ती रांग जाऊ द्या आणि तिच्या शेपटाला निघा, तेवढा वेळ उरला असेल तर. नसेल तर पुढचा हिरवा.

वळणं

मोठी गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतून कापून जातात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आतून. ड्रायव्हर पुढचं तोंड बरोबर वळवतो, त्याचं काही चुकत नाही, आणि मागचं चाक कोपऱ्याला घासून जातं. कोपऱ्यावर सायकल उभी असेल तर ती त्या चाकाच्या वाटेत असते.

याहून फसवं म्हणजे ट्रेलरचं वळण. डावीकडे वळायला जागा कमी पडते म्हणून ट्रेलर आधी उजवीकडे सरकतो. त्याच्या डावीकडे मोठी जागा मोकळी होते. मागून येणाऱ्याला वाटतं, गाडी उजवीकडे चालली, आपल्याला रस्ता दिला. तो पुढे शिरतो आणि ट्रेलर डावीकडे येतो. चौकाजवळ लांब गाडी विनाकारण उजवीकडे सरकताना दिसली तर ती डावीकडे वळणार असं धरा आणि तिच्या मागेच थांबा. इंडिकेटरवर विसंबू नका; बऱ्याच गाड्यांचा डावा इंडिकेटर धुळीनं झाकलेला असतो.

तुम्हाला स्वतःला उजवीकडे वळायचं असेल तर मोठ्या चौकात गाड्यांसोबत मधून वळू नका. व्हेरायटी चौकासारख्या ठिकाणी नवीन माणसानं दोन टप्प्यांत जावं. हिरव्यावर सरळ पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात जा, तिथे थांबा, सायकल उजवीकडे वळवून तोंड हव्या त्या रस्त्याकडे करा, आणि आता तुमच्या पाठीमागे असलेल्या रस्त्यावरच्या गाड्या सुटतील तेव्हा त्यांच्या कडेनं निघा. किंवा उतरून झेब्रावरून चालत जा. एक सिग्नल जास्त लागतो, एवढंच.

ऊन आणि पाऊस

मे महिन्यात ४५ अंशांत डांबर भाजतं तेव्हा सगळे सिग्नलवर सावली शोधतात. काही चौकांत महापालिका हिरवी जाळी बांधते. बाकी ठिकाणी लोक लाइनपासून मागे, झाडाच्या सावलीत थांबतात. सायकलवाल्यानं तिथे थांबलं तर पुढे मोकळी जागा दिसते आणि मागून येणारा ट्रक ती भरायला जातो, तुमच्या शेजारून. सावली हवी तर फुटपाथवरची घ्या, सायकल घेऊन. दुपारी काही सिग्नल बंदही ठेवतात. लुकलुकता पिवळा म्हणजे हळू व्हा आणि बघून जा. तेव्हा चौक कोणाचाच नसतो, म्हणून मोठी गाडी येताना दिसली की तिला आधी जाऊ द्या.

पावसात रिमला पकडणारे ब्रेक ओले झाले की पहिली एक-दोन फिरकी पकडतच नाहीत. मनातली खूण लाइनपासून दुप्पट मागे न्या. चौकाच्या थोडं आधी ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्या. झेब्राचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, त्यांच्यावर ब्रेक मारू नका. डबक्याखाली खड्डा किती खोल ते कळत नाही. तुम्ही तो टाळायला अचानक उजवीकडे याल हे मागच्याला कळत नाही, म्हणून दुरूनच रेषा बदला.

पडलात तर

गाडी थांबण्याची वाट बघू नका. आधी चाकांपासून दूर, फुटपाथकडे सरका किंवा लोळा. सायकल सोडून द्या. डोक्याला, मानेला मार असेल तर कोणी उचलून बसवू देऊ नका. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. नागपुरात मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ट्रॉमा केअर सेंटर आहे. मोटारगाडीमुळे झालेल्या रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राच्या २०२५ च्या योजनेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात, हे सोबतच्या माणसाला माहीत असू द्या. आणि तुम्ही स्वतः दुसऱ्या कोणाला मदत करत असाल तर घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

सराव कसा करायचा

पहिल्याच दिवशी वाडी नाका गाठू नका. रविवारी सकाळी सात-साडेसातला, उजाडल्यावर, घराजवळचा एक सिग्नल निवडा. सायकल बाजूला लावून फुटपाथवर उभे राहा आणि पाच-सहा वेळा दिवा बदलताना बघा. पिवळा किती सेकंद राहतो, बस वळताना तिचं मागचं चाक कोपऱ्याच्या किती जवळून जातं, शेवटच्या तीन सेकंदांत कोण सरकतं. मग मनात खूण धरून तोच चौक सायकलनं पार करा. तिथे हात बसला की वेस्ट हायकोर्ट रोडकडे या. शंकरनगर, लॉ कॉलेज चौक इथे बस असतात, ट्रेलर क्वचित. वर्धा रोड त्यानंतर. कामठी रोड आणि रिंग रोड सगळ्यात शेवटी, आणि सुरुवातीला रस्ता माहीत असलेल्या कोणासोबत. त्यानं तुमच्या पुढे नाही, मागे राहायचं.